नऊ भाकरींची वाट

माझ्या तोंडात सूर असताना इनामदारांनी मला नाव विचारलं.

सोलापुरात, त्यांच्या नव्या बंगल्याच्या फाटकाबाहेर, वैशाखाच्या उतरत्या उन्हात. मांडवात पाहुणे बसलेले. इनामदार मांडवाच्या तोंडाशी आले, हातातली काठी माझ्याकडं केली आणि म्हणाले, "हा बघा आमच्या गावचा. पुण्याला कॉलेजात जातो. काय रे, नाव काय तुझं? इंग्रजीत सांग मंडळींना."

ज्यांनी सूर कधी जवळून बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सनई दोघांची असते. एक जण गाणं वाजवतो, दुसरा नुसता एक स्वर धरून उभा राहतो. त्याच्या हातातल्या वाद्यालाच सूर म्हणतात. सूर धरणाऱ्यानं थांबायचं नाही. नाकानं वारा ओढायचा, गालात साठवायचा, गालातला संपायच्या आत पुन्हा ओढायचा. खोकायचं नाही, थुंकायचं नाही, बोलायचं नाही. लग्नात सूर तुटला तर अपशकुन. हे सगळं इनामदारांना ठाऊक होतं. जन्मभर आम्ही त्यांच्या दारात वाजवलं होतं.

"बोल की! कॉलेजात बोलायला शिकवत नाहीत होय रे?"

मांडवातून कुणीतरी ओरडलं, "तोंड गुंतलंय त्याचं!"

सगळे हसले. बायकांच्या बाजूपर्यंत हसू गेलं. माझे गाल फुगलेले. डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्यानं आलं की कशानं, ते मला आजही सांगता येणार नाही.

आम्ही होलार. माळशिरसकडचं गाव. वडील केरबा सनई वाजवायचे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. चुलते, म्हणजे तात्या, डफ वाजवायचे. सूर धरणारा चुलतभाऊ त्या उन्हाळ्यात अंथरुणाला खिळला होता, म्हणून कॉलेजच्या सुटीत आलेल्या मला आबांनी उभं केलं. लहानपणी मीच धरायचो. गाल विसरले नव्हते.

आमच्या धंद्याचा एक नियम होता. गावच्या शिवेच्या आत वाजवायचं ते बलुत्याचं. लग्न असो, जत्रा असो, पैसा मागायचा नाही. सुगीला खळ्यावरून पदरात पडेल ते धान्य न्यायचं. शीव ओलांडली की मात्र सुपारीचं काम. ज्याच्या घरी कार्य त्यानं आधी सुपारी द्यायची, बिदागी बोलायची, मग आम्ही निघायचं. सुपारी आमच्या हातात कुणी देत नसे. वरून टाकायची, आम्ही मातीतून उचलायची. पण टाकायची तरी.

आबांना मैल ठाऊक नव्हते. ते वाट भाकरीत मोजायचे. जाताना किती भाकरी बांधून घ्याव्या लागतात, तेवढं ते गाव लांब. नातेपुते एका भाकरीचं. अकलूज दोन भाकरींचं. सांगोला चार. भाकरीमागं रुपया आणि वर एक नारळ, हा आबांचा दर. कुणी घासाघीस केली की म्हणायचे, "भाकरी थापणारीला इचारा की, वाट किती हाय ती."

सोलापूर नऊ भाकरींचं.

इनामदार वकिलीसाठी सोलापुरात राहायला गेले आणि थोरल्या मुलाचं लग्न त्यांनी तिथंच काढलं. बोलावणं घेऊन कारभारी गावात आले. सुपारी आणलीच नव्हती. आबा हात जोडून म्हणाले, "कारभारी, सोलापूर नऊ भाकरीचं हाय. काय ते बोला की."

कारभारी घोड्यावरूनच हसले. "केऱ्या, मालकाचं घर जिथं, तिथं तुझी शीव."

आबांनी बरं म्हणून मान हलवली. मी शेजारी उभा होतो. मी तर्कशास्त्र शिकत होतो, त्यात वर्गात पहिला होतो. मीही काही बोललो नाही.

तीन दिवस चाललो. सनईच्या तोंडाला लावायच्या पत्त्या उन्हानं तडकू नयेत म्हणून आबांनी त्या ओल्या फडक्यात गुंडाळून पागोट्यात ठेवल्या होत्या. दर विहिरीशी थांबून फडकं भिजवायचं. विहिरीला हात लावायचा नाही, कुणी येऊन पाणी वाढेपर्यंत बसायचं. त्यात अर्धा दिवस गेला. तात्यांच्या टाचेला भेग पडली, त्यांनी तीत मेण भरलं. तिसऱ्या दिवशी दुपारी गिरण्यांची धुराडी दिसली तेव्हा गाठोड्यात एकच भाकरी राहिली होती. ती आम्ही तिघांनी खाल्ली. नऊ झाल्या.

आणि फाटकात शिरतो तो स्टेशनावरून टांगे आले. तीन टांगे. त्यातून ब्यांड उतरला. पुण्याचा.

तांबडे कोट. पितळी गुंड्या. पायात काळे बूट. हातातली वाद्यं अशी चकचकीत की बघून डोळे मिटावेत. इनामदार स्वतः पायऱ्या उतरून खाली आले. "या, या मास्तर! प्रवासात त्रास नाही ना झाला?"

माझ्या आबांना त्यांनी कधी 'या' म्हटलं नव्हतं. ब्यांडमास्तर आबांपेक्षा वीस वर्षांनी लहान होता.

मी इथं खोटं लिहिणार नाही. मला त्या वेळी अन्यायाचा राग आला नाही. मला हेवा वाटला. त्यांच्या बुटांचा हेवा. टांग्यातून उतरताना कोटाच्या सुरकुत्या झटकतात, त्या झटकण्याचा हेवा. मी त्यांच्याच शहरातून आलो होतो. मी फक्त वाटेत गावाला गेलो होतो, आणि गावाला गेलं की मी होलार होतो.

त्यांना मांडवात बाकं टाकली. आम्हाला फाटकाबाहेर, लिंबाच्या पातळ सावलीत, गुरांच्या टाकीशेजारी जागा. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ब्यांड वाजत होता. आमचं काम काय? ब्यांड चहाला बसला की वाजवायचं. ते जेवायला गेले की वाजवायचं. त्यांच्या कपबशांचा आवाज मला सुरातून ऐकू यायचा. आबा तीन दिवस चालून आले होते ते ब्यांडच्या चहाची पोकळी भरायला.

तरी आबा वाजवायचे ते मन लावून. ब्यांडमधला एक जण कप हातात धरून फाटकापाशी आला, ऐकत उभा राहिला, आणि सोबत्याला म्हणाला, "म्हातारा तयारीचा आहे रे." मला बरं वाटायला हवं होतं. मला त्याच्या हातातला कप दिसत होता.

नवरा मुलगा बाळासाहेब. माझ्याच वर्गात. माझ्या वह्या नेऊन उतरवून घ्यायचा, आणि परीक्षेआधी माझ्या खोलीत येऊन बसायचा. "तू नसतास तर मी नापासच की रे," म्हणायचा. मुंडावळ्या बांधून तो मांडवात जाताना फाटकाजवळून गेला. मला बघितलं. ओळखीचं हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. मग तो दुसरीकडं बघायला लागला. त्याचाही हेवा वाटला मला. त्याला नुसतं दुसरीकडं बघून भागत होतं.

मुहूर्त दुपारचा होता. लग्न लागलं. जेवणावळी लांबल्या. वरात उजेडात काढायची ठरली होती, ती रेंगाळली. सहा वाजले. गिरणीचा भोंगा झाला. आणि ब्यांडमास्तरनं हात वर केला. वाद्यं खाली आली.

इनामदार धावत आले. "अहो मास्तर, वरात राहिलीय अजून!"

मास्तरनं कोटाच्या खिशातून कागद काढला. घडी उलगडली. आवाज मुळीच चढवला नाही. "साहेब, सहापर्यंतच लिहिलंय. जाण्यायेण्याचं रेल्वेभाडं, मैलामागचा आकार, दोन वेळचं जेवण, चहा, आणि काम सहापर्यंत. पुढं तासाचे वेगळे. खाली आपली सही आहे."

मला वाटलं आता काठी उठणार.

इनामदार हसले. "बरं बरं. द्या हो, तासाचे वेगळे. चहा घ्या, मग निघू."

मी बघत राहिलो. नाही म्हणता येतं. या माणसाला नाही म्हणता येतं आणि तो हसतो. त्यासाठी फक्त एक कागद लागतो. त्या कागदाइतका हेवा मी आजवर कशाचा केला नाही. मास्तरचा मैल आबांच्या मैलापेक्षा लांब होता का? तो तर झोपून आला होता गाडीत!

पाहुण्यांसमोर इनामदारांना माघार घ्यावी लागली होती. ती कुठं तरी भरून काढायची होती. ते फाटकाकडं वळले. "केऱ्या, वाजव रे. मास्तर चहा घेताहेत."

आबांनी सनई लावली. मी सूर धरला. आणि मग काठी माझ्याकडं आली. ते नाव विचारणं, ते इंग्रजी, ते हसू.

आबांनी वाजवता वाजवता माझ्याकडं बघितलं. डोळ्यांनी म्हणाले, धर.

मी सूर तोंडातून काढला.

सुराशिवाय सनई उघडी पडते. एकदम बारीक वाटते, वाट चुकलेल्या जनावरासारखी. दोन घटका वाटाव्यात एवढी ती एकटी चालली आणि थांबली. तात्यांचा डफ थांबला. हसणंही थांबलं.

"सूर का तोडलास?" इनामदार.

"तुम्ही नाव विचारलंत," मी म्हणालो. "तोंडात सूर असताना बोलता येत नाही. आता सांगतो."

आणि मी नाव सांगितलं. पूर्ण. मराठीत. मध्ये बापाचं नाव घातलं, केरबा. केऱ्या नव्हे. मग म्हणालो, "आम्ही नऊ भाकरी चालून आलोय. शिवेबाहेरचं वाजवणं सुपारीचं असतं. तुम्ही सुपारी दिलेली नाही. मास्तरांच्या मैलांना पैसे, तर आमच्याही मैलांना द्या."

इनामदारांचा चेहरा बदलला नाही. तेच वाक्य त्यांनी म्हटलं, कारभाऱ्यानं म्हटलेलं. तेव्हा मला कळलं की ते मुळात त्यांचंच होतं. "आमचं घर जिथं, तिथं तुमची शीव."

मी मास्तरकडं बघितलं. का बघितलं कोण जाणे. वाजवणारा माणूस आहे, काहीतरी बोलेल असं वाटलं असावं. मास्तरनं बशीत चहा ओतला. फुंकर मारली. मग हळूच म्हणाला, "पोरा, हे घरून निघायच्या आधी ठरवायचं असतं. दारात येऊन नाही."

त्याचं खरं होतं. म्हणून त्याचा मला इनामदारांपेक्षा जास्त राग आला.

बाळासाहेब माझ्याजवळ आला. "मनाला लावून घेऊ नकोस रे. बाबांचा स्वभाव तसा आहे." त्या वर्षी मी त्याला वह्या दिल्या नाहीत.

आबांनी माझ्या हातातला सूर घेतला, पुसला, पुन्हा माझ्यापुढं धरला. "धर."

"नाही आबा."

त्यांनी सूर तात्यांच्या झोळीत ठेवला. सनई उचलली. आणि एकट्यानं, सुराशिवाय, ब्यांडचा चहा संपेपर्यंत वाजवत राहिले. लग्नघर गप्प ठेवायचं नाही, हा त्यांचा धर्म. मी लिंबाला पाठ लावून ऐकत होतो. मी मान राखायला सूर तोडला होता, आणि त्याची किंमत त्यांच्या म्हाताऱ्या छातीतून निघत होती.

परतीच्या वाटेवर तिसऱ्या दिवशी गावच्या शिवेचा दगड आला. तिथं आबा बसले. पागोट्यातून पत्त्या काढल्या. दोन तडकल्या होत्या, फडकं भिजवायचं राहून गेलं होतं.

"सूर तोडलास," म्हणाले.

"तोडला."

"सुगीला खळ्यावर उभं करत्याल का आता आपल्याला?"

"नाही करणार."

ते तडकलेल्या पत्त्या बोटात फिरवत होते. मग खाली बघतच म्हणाले, "त्या मास्तराच्या कागदावर काय काय लिवलं हुतं रं?"

मला वाटलं होतं हेवा मला एकट्याला वाटतोय.

त्या सुगीला इनामदारांच्या खळ्यावरून दाणा आला नाही. इनामदारांची मर्जी सांभाळायची म्हणून आणखी चार खळी बंद झाली. त्या वर्षी आम्ही भाकरीऐवजी हुलगे शिजवून खाल्ले. आईनं मला दोष दिला, आणि तिचं चूक नव्हतं. पोरांना खायला तिनं घालायचं होतं, मी पुण्याला होतो.

पुढच्या उन्हाळ्यात मी बी. ए. होऊन गावी आलो. घराण्यात पहिला. होलारवाड्यात पहिला. आल्याबरोबर एक कागद लिहिला. वर आबांचं पूर्ण नाव. खाली गावांची नावं. प्रत्येकासमोर मैल, आणि कंसात भाकरी, कारण मैल आबांना कळत नव्हते. भाडं, जेवण, कामाची वेळ. सगळ्यात शेवटी एक ओळ: सुपारी हातात द्यावी. शेजारच्या तीन गावांतल्या वाजंत्र्यांसाठी तसेच कागद केले. दोघांनी घेतले. एकानं भीतीनं परत दिला.

महिन्याभरानं कारभारी आले. इनामदारांच्या मुलीचं लग्न, पुन्हा सोलापुरात. या वेळी त्यांनी सुपारी आणली होती. म्हणजे मागच्या वेळचा माझा आवाज कुठंतरी पोचला होता. घोड्यावरून त्यांनी ती टाकली. आबांच्या पायाशी मातीत पडली.

"घे केऱ्या. आता तर झालं?"

आबा वाकले नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पुढं झालो आणि कागद वर धरला. कारभाऱ्यानं हात पुढं केला नाही. माझ्या हातातून घ्यावा लागला असता.

"वाचून दाखवतो," मी म्हणालो आणि वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. कारभारी घोडा वळवून निघाले तेव्हा शेवटची ओळ राहिली होती. ती मी त्यांच्या पाठीला ऐकवली.

लोक मला म्हणतात, आता तू शिकलास, नोकरी कर, हे वाजंत्र्यांचं कशाला धरून बसलास? मनातली जळजळ सोड. मी सोडणार नाही. पुण्याचा ब्यांड आजही गाडीनं येतो. त्यांना आजही 'या मास्तर' म्हणतात. ते ऐकलं की मला आजही हेवा वाटतो, आणि तो हेवा मी जपून ठेवला आहे. आमच्या घरातलं वाद्य मैल लिहिल्याशिवाय, सही झाल्याशिवाय शीव ओलांडणार नाही. खळी बंद राहिली तर राहोत.

ती सुपारी अंगणात तशीच पडली होती. आई झाडताना तिच्या कडेनं झाडायची. कुणी उचलली नाही. आमच्यातलं कुणी उचलणारही नाही.