कान्हाच्या रक्तातल्या पेशी

माझा धाकटा भाऊ कान्हा कोलशेतच्या खाडीत चिंबोऱ्या धरतो. जाळं नाही, गळ नाही. ओहोटीला चिखलात आडवं पडायचं, बिळात खांद्यापर्यंत हात घालायचा आणि नांगी चुकवून चिंबोरी बाहेर काढायची. गावात असा हात दुसऱ्या कुणाचा नाही. बहीण म्हणून सांगते म्हणाल, तर हो, सांगते!

चार वर्षांपूर्वी त्याची बोटं सुजली. सकाळी शर्टाचं बटण लागेना. मला वाटलं, खारं पाणी बाधलं. ठाण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजाराशी लढणाऱ्या पेशीच याच्या सांध्यांवर उठल्यात." मी म्हटलं, "अहो, याने कुणाचं काय वाईट केलंय?" गोळ्यांनी गुण येईना. मग सलाईनमधून औषध दिलं, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. रक्तातल्या त्या एका जातीच्या पेशीच संपवायच्या म्हणे.

आणि खरंच, तीन महिन्यांत मूठ वळली! हा गडी कुणाला न विचारता चिखलात उतरला. चिंबोरीने बोट फोडलं. असं शंभरदा झालंय, पण या वेळी हात कोपरापर्यंत सुजला. नऊ दिवस इस्पितळात. डॉक्टरीणबाई माझ्यावरच डाफरल्या, "पेशी संपवल्यात ना आपण? मग जखम साधी कशी राहील? त्या परत येईपर्यंत खाडी बंद!"

आता बोला! पेशी होत्या तर हात चालेना, पेशी गेल्या तर हात चालून उपयोग नाही. माझं तर डोकंच चालेनासं झालं. कान्हा मात्र दारात बसून तेवढंच विचारायचा, "बाय, पेशी आल्या का गं?"

गेल्या महिन्यात रिपोर्ट आणायला मी एकटीच गेले. लॅबमधल्या मुलीने सांगितलं, पेशी परत आल्यात. मला आनंद व्हायला हवा होता. पण तो सुजलेला हात डोळ्यांसमोर आला. घरी येऊन सांगितलं, "अजून नाही रे." रिपोर्ट साड्यांखाली सरकवला. बरोबर केलं की चूक, तेव्हाही कळत नव्हतं.

परवा त्याचा अंगठा पुन्हा सुजला. त्याला घेऊन गेले आणि रिपोर्ट काढून डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला. त्या म्हणाल्या, "पेशी परतल्या की काही जणांचं दुखणंही परततं. पुन्हा सलाईन द्यावं लागेल."

"म्हणजे पुन्हा खाडी बंद," कान्हा म्हणाला. "पण मधे काही दिवस मिळत असतील ना? पेशी आल्यात आणि बोटं सुजली नाहीत, असे?"

"कुणाला मिळतात, कुणाला नाही. आधी सांगता येत नाही." त्यांनी रिपोर्टावरची तारीख पाहिली. "हा तर वीस दिवसांपूर्वीचा आहे. तेव्हाच का नाही आलात?"

कान्हाने माझ्याकडे पाहिलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"बाय, ते वीस दिवस बोटं चांगली होती ना गं माझी?"

"होती रे," मी म्हटलं. "एकदम चांगली होती."