नेलपॉलिशचं सील

माझ्या मुलीचं करिअर मी नेलपॉलिशच्या थेंबांनी संपवलं. (थेंब लाल होते. बाटली बायकोची. माझं स्वतःचं असं त्यात फक्त डोकं होतं.)

मी टीव्ही मेकॅनिक. जळगावात घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान आहे. 'आहे' म्हणायचं, कारण पाटी अजून काढलेली नाही. एके काळी आमच्या भागात कुणाच्याही टीव्हीत बातम्या देणारी बाई हिरवी दिसायला लागली, की लोक मला सायकलवर डबलसीट उचलून न्यायचे. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक सेटला मी दोऱ्याने चिठ्ठी बांधायचो: नाव, गाव, तक्रार. परत देताना सेट स्पिरिटने लख्ख पुसून द्यायचो. आणि एकदा पिक्चर जुळवलं, की आतल्या स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाकून सील करायचो, म्हणजे कुणी पुन्हा पिळत बसायला नको. "मी सील केलेलं कुणाच्या बापाला हलत नाही!" असं गिऱ्हाइकाला वर ठणकावून सांगायचो. पुढे लोकांनी दुरुस्तीच सोडली आणि ते नवेच टीव्ही घ्यायला लागले. ते विकणारे कोण, तर धुळ्याचे नाना, माझे सख्खे साडू! त्यांची शोरूम दुमजली झाली आणि माझ्या फळीवर न्यायला कुणीच न आलेले दहा सेट उरले.

माझी मुलगी वैशू कॉम्प्युटरवर गोळीबाराचे गेम खेळते. खेळायची, म्हणा. पाच जण या बाजूला, पाच त्या बाजूला, आणि नुसता धाडधाड! शिकवण्या घेऊन तिने स्वतःच्या कमाईचा मॉनिटर घेतला होता. पोरगी खरोखर चांगली होती, हे मला कळत नव्हतं. पुण्याच्या एका टीमला कळलं. त्यांनी रविवारी सकाळी अकराला तिची चाचणी ठेवली. निवड झाली तर पुणं. नाही झाली तर काय, ते मीच दोन वर्षांपूर्वी ठरवून टाकलं होतं: "दोन वर्षं खेळ. नाही जमलं तर मुकाट्याने नानांच्या शोरूममध्ये लागायचं. शब्द दे." तिने दिला होता. ती दोन वर्षं त्याच महिन्यात संपत होती.

त्या मॉनिटरचं पिक्चर म्हणजे माझ्या तोंडात मारल्यासारखं होतं. काळ्याला काळा रंगच नाही, सगळा राखाडी कारभार! सावल्या धुऊन काढलेल्या, रंग जत्रेतल्या फुग्यांसारखे भडक, माणसं आडवी ताणलेली. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "पप्पा, पिक्चर चांगलं नकोय मला. अंधारात लपलेला माणूस दिसला पाहिजे." मी "हं" म्हटलं. लहान पोराला म्हणतात तसं. महिनोन्महिने बसून तिने एकेक आकडा ठरवला होता, आणि ते सगळे आकडे एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी मॉनिटरच्या कडेला चिकटवली होती.

शनिवारी नाना आले, भरीत खायला. वैशू इंटरनेटची नवी वायर आणायला बाहेर निघाली होती. दारातून मागे वळून म्हणाली, "पप्पा, मॉनिटर चालूच आहे. फक्त हात लावू नका."

"मी कशाला हात लावू!" मी म्हणालो. (मला खरंच तसं वाटलं होतं.)

नानांनी आत डोकावलं. चष्मा पुसला. परत डोकावलं.

"भाऊ, हाई काय शे? बठ्ठं धुरकट दिखी ऱ्हायनं!"

"तो गेम आहे, नाना. तसंच असतं ते."

"आनि या मानसं इतली जाडी कशी? लगीननी पंगतमाईन उठी उनात का?" ते हसले. मग खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "तू टीव्हीना मेकॅनिक, आनि तुन्हाच घरमा असं पिच्चर? कोनले सांगू नको."

कोनले सांगू नको! तीस वर्षं लोकांचे चेहरे दुरुस्त केलेल्या माणसाला हे कोण सांगतंय, तर खोके विकणारा!

मी पुढच्या खोलीतून स्क्रूड्रायव्हर आणला. उपयोग शून्य. आजकाल आत काही पिळायला ठेवतच नाहीत, मागे एक बोटभर बटण, तेच वर-खाली-डावीकडे करायचं. पण पिक्चर ते पिक्चर! मी आधी सगळं कंपनीच्या मूळ आकड्यांवर आणलं. सावल्या उजळवणारं काहीतरी पार वर चढवलेलं होतं, ते शून्यावर घेतलं. 'अतिवेगवान' असं काहीतरी होतं, ते साधं केलं, घाईत कुणाचं भलं झालंय? ताणलेली माणसं बारीक झाली. वीज वाचवायचा पर्याय दिसला, तोही लावला. (बिल कोण भरतं?)

"आते कसं!" नाना म्हणाले. "मन्ही शोरूममा बी असा काळा रंग नई, भाऊ!"

झालं. त्या एका वाक्यावर मी हवेत गेलो. जुन्या सवयीने मॉनिटर पुसायला घेतला. कडेला ती चिठ्ठी, खाली तिचा गोंद. चिठ्ठी सोलून काढली, गोंद स्पिरिटने घासला. मागच्या अंगणात भरताची वांगी भाजायच्या तुरकाठ्या पेटवायला बायको कागद मागत होती, तिला ती चिठ्ठी दिली. वैशूचे महिने असे वांग्यांखाली गेले. आणि शेवटी, कामावर सही करावी तसं, मी बटणाच्या सांध्यात नेलपॉलिश सोडलं. नव्या मालाचा भरवसा नसतो म्हणून तीन हात दिले. भरीत त्या दिवशी फार चांगलं झालं होतं, हे कबूल केलंच पाहिजे.

वैशूला काही कळलंच नाही, कारण पाहुण्यांना आम्ही तिचीच खोली दिली होती. रविवारी सकाळी नऊपासून सराव करायचा तिचा बेत होता. पण नानांची आंघोळ, मग पूजा, मग पिशवीची चेन अडकलेली! साडेदहाला ते धुळ्याच्या बसला निघाले, आणि वैशू धावत खुर्चीत बसली. नवी वायर जोडण्यातच वेळ गेला, आणि अकराला पाच मिनिटं कमी असताना आतून आवाज आला.

"पप्पा." नुसतं तेवढंच.

मी गेलो. तिचा हात मॉनिटरच्या मागे होता आणि बटण हलत नव्हतं.

"माझी चिठ्ठी कुठे आहे?"

मी मागच्या अंगणाकडे बघितलं. बायकोने माझ्याकडे बघितलं. "काय करी ठेवं हो तुम्ही?"

"थांब, थांब! मिनिटाचं काम!" मी पक्कड आणायला पळालो.

"पप्पा, नको!"

पण मी सील केलेलं होतं ते! पहिल्यांदा ओढलं, हललं नाही. दुसऱ्यांदा पिळलं. कट्. बटण माझ्या हातात आलं, सील जागेवर राहिलं. कुणाच्या बापाला हलत नाही म्हणायचो. वैशूच्या बापाने प्रत्यक्ष करून दाखवलं.

ती कॉम्प्युटरमधून काही करता येतं का बघत होती, तेवढ्यात मॅच सुरू झाली. पडद्यावर एक गोदाम, गोदामाचं दार, आणि दारात अंधार. काय अंधार होता! इतका खोल काळा मी आयुष्यात कुठल्या सेटवर आणला नव्हता. त्यातून गोळी आली आणि वैशू पडली. पुन्हा तेच दार, पुन्हा गोळी. ती हेडफोनच्या माइकवर पुण्याला सांगत होती, "सॉरी, दिसला नाही." थोड्या वेळाने पुन्हा, "सॉरी, दिसला नाही." बायकोला राहवेना, ती बॅटरी घेऊन आली आणि पडद्यातल्या दारावर उजेड पाडून उभी राहिली! मी हसलो नाही. वैशूही हसली नाही. त्या उजेडात पडद्यावर फक्त आमच्या तिघांची तोंडं दिसली.

संपल्यावर तिने हेडफोन काढला, त्याची वायर नीट गुंडाळली.

"मी फोन करतो त्यांना," मी म्हणालो. "सांगतो, चूक माझी आहे, पुन्हा घ्या."

"काय सांगाल? नेलपॉलिश?"

मला लाज वाटली. अजून वाटते.

"नानाकाकांचा नंबर द्या," ती म्हणाली.

"अगं, एवढी घाई काय?"

"शब्द दिलाय, पप्पा. तुम्हीच मागितला होता."

तिचा फोन गेला तेव्हा नाना वाटेतल्या पारोळ्यालाही पोचले नव्हते. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला ती धुळ्याला शोरूममध्ये उभी राहिली. ओरडली असती, आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. ती जाताना माझ्या पाया पडली.

दिवाळीला ती घरी यायच्या आत मी नवं बटण मिळवलं, सोल्डरने झाळून बसवलं. नेलपॉलिशचा कणही ठेवला नाही. ती आल्यावर म्हणालो, "वैशू, ते आकडे सांग. आहेत तसे लावून ठेवतो. दुसरं काही करत नाही, शप्पथ."

"आठवत नाहीत, पप्पा."

"एखादा तरी?"

"नाही आठवत." आणि ती आईला करंज्या करू लागायला आत गेली.

भाऊबीजेनंतर ती परत गेली, आणि नानांचा फोन आला. "भाऊ, तुन्ही पोर भलती हुशार शे! बठ्ठा टीव्हीना नंबर तोंडपाठ! एक बी भुलत नई!"

मी फोन ठेवला. मॉनिटर स्पिरिटने पुसला आणि फळीवर त्या दहा सेटांच्या शेजारी अकरावा म्हणून ठेवला. धंद्याच्या रीतीप्रमाणे दोऱ्याने चिठ्ठी बांधली. नाव: वैशाली. गाव: जळगाव, ते खोडून धुळे. पुढच्या रकान्याशी पेन जरा अडलं. पण मेकॅनिकने चिठ्ठीवर खोटं लिहू नये.

तक्रार: काही नव्हती.