भिंतीपलीकडच्या काकू

काकू बोलायच्या आधी हात दाखवायच्या. रडक्या लेकराला थोपटावं तसा तळवा हवेत खाली-खाली न्यायच्या आणि मग म्हणायच्या, "जरासं खाली घे ना बाबू."

लाखनीत हायवेला लागून आमचं खताचं दुकान आहे. त्याच्या मागच्या गोदामात आम्ही चार पोरं बँड वाजवायचो. तेव्हा ॲम्प्लिफायर होता, कीबोर्ड होता आणि माझा जुना ड्रमसेट होता. कला किती होती ते विचारू नका, आवाज मात्र भरपूर होता. गोदामाच्या मागच्या भिंतीपलीकडे अरुंद गल्ली आणि लगेच काकूंचं घर. पलीकडे खाटेवर लकवा मारलेले काका. माझी काठी झांजेवर पडली की ते दचकायचे.

आमचा गायक एकदा फणकारला, "काकू, दिवसभर ट्रक धावते रोडनं, त्यायले नाही म्हणत काही."

"ट्रक निघून जाते रे बाबू. तुमी तिथंच राह्यता."

आधी ॲम्प्लिफायर बंद झाला. मग कीबोर्ड विकून गायकाने साधी लाकडी गिटार घेतली. झांजा गेल्या. काकूंनीच धानाचं तणस, म्हणजे वाळका पेंढा, आणून दिलं, ते मी मोठ्या ड्रममध्ये कोंबलं आणि काठ्या टाकून बोटांनी वाजवू लागलो. एवढ्याशा आवाजात हिंदी गाणी काही शोभेनात, म्हणून आमच्या आयांना येणारी, बांधीत धानाची रोपं लावताना म्हणायची रोवणीची गाणी घेतली. गाणं झालं की आमच्यातला कोणीतरी मागच्या गल्लीत जाऊन विचारायचा, "काका झोपले का?" झोपले असले की गाणं पास. पुढे पुढे तर काकू दारातच म्हणायच्या, "काहून, वाजवलं होतं का तुमी?" तेव्हा आमची छाती फुगायची. श्रोत्याला झोपवून खूश होणारा दुसरा बँड तुम्ही पाहिला असेल तर सांगा मला.

गंमत म्हणजे लोकांना हेच आवडलं. भंडाऱ्यात, मग नागपुरात बोलावणी येऊ लागली. एका मुलाखतीत विचारलं, हा हळुवारपणा कुठून आणलात? गायक म्हणाला, "आमच्या तलावांकडून, जंगलाकडून." मी शेजारी बसून मान डोलावली. काकूंनी ते मोबाइलवर पाहिलं. "तलावावर कधी गेलते रे तुमी?" म्हणाल्या आणि पोट धरून हसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग काका गेले. तेरवी झाल्यावर काकू गोदामात आल्या आणि खताच्या पोत्यावर बसल्या.

"आता जोरानं वाजवा," त्या म्हणाल्या. "घर खायले धावते. पोरगी म्हणते, सानगडीले चाल माह्यासंग. मले नाही जायचं. दिवस बुडता तुमचा आवाज आला ना, त राहून जाईन मी इथंच."

"वाजवतो ना काकू," मी म्हणालो.

नाही वाजवलं. रेकॉर्डिंग तोंडावर आलं होतं. गायक म्हणाला, "आता हळू वाजवणं हीच आपली ओळख हाय. हात बिघडला त परत जमणार नाही." मला ते पटलं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर ड्रममधलं तणस उपसायला कितीसा वेळ लागला असता? सराव संपल्यावर मी एकट्यानेच थोडा वेळ बडवलं असतं तरी भागलं असतं. पण नागपूरच्या टाळ्या डोक्यात गेल्या होत्या. काकांची झोप आता सांभाळायची नव्हती, म्हणून मागच्या गल्लीत विचारायला जाणंही बंद झालं. काकूंची गोदामाकडची खिडकी, जी वर्षानुवर्षं बंद असायची, ती त्या दिवसांत उघडी दिसायची. कशासाठी ते मला कळत होतं. सकाळी बाजारात भेटल्या की मी "जेवण-खाण नीट होते ना काकू?" विचारायचो. त्या "हो बाबू" म्हणायच्या. वाजवण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि मला तेवढंच हवं होतं.

नागपूरहून रेकॉर्डिंग करून आलो तर काकूंच्या दाराला कुलूप. आईने सांगितलं, पोरगी गाडी घेऊन आली आणि घेऊन गेली.

"माह्यावर रागावून होत्या का?" मी विचारलं.

"तुह्यावर कायले रागावल? खूश होती बिचारी. म्हणे, पोरं मोठी झाली, वाजवत असतील आता भंडाऱ्याले कुठं. महिना झाला, गोदामात कोणी येतच नाही."

नागपूरला निघेपर्यंत त्या महिन्यात आम्ही एकही संध्याकाळ चुकवली नव्हती.

सानगडी काही लांब नाही. साकोलीची बस दुकानासमोरूनच जाते, पण मी अजून चढलो नाही. पोरं तिथं नव्हतीच, असं काकूंना वाटतं. त्यांना तसंच वाटत राहावं, अशी माझी इच्छा आहे आणि मला लाज वाटते ती याचीच.