चाळिसावी रेघ

रविवारची दुपार. चारूच्या हातातलं मासिक दोनदा नाकावर पडून झालंय, तिसऱ्यांदा ती ते उचलतच नाही. पंखा कुरकुरतोय. त्या कुरकुरीतूनच कुणीतरी खाकरतं आणि चारू दचकते. नाना! तिचे वडील, मंगळवेढ्याच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलेले देगलूरकर मास्तर. त्यांना जाऊन अकरा महिने झालेत.

नाना पलंगाच्या कडेला बसलेत. पलंग दवाखान्यातला आहे, चादर मात्र घरची.

"घुबडांची पार्लमेंट!" ते रागाने म्हणतात.

चारूला आनंदाच्या उकळ्या फुटतात. बापलेकींचा हा खेळ फार जुना. तिने विचारायचं, अमक्या प्राण्यांच्या समूहाला इंग्रजीत काय म्हणतात? नानांनी एखादा इंग्रजी शब्द फेकायचा, सांग, हा समूह कुणाचा? बरोबर उत्तराला मधल्या खोलीच्या चौकटीवर, उत्तर देणाऱ्याच्या बाजूला, खडूची एक रेघ, आणि ती विचारणाऱ्याने स्वतःच्या हाताने मारायची. चाळीस रेघा आधी होतील तो जिंकला. एकोणचाळीस-एकोणचाळीसवर नाना दवाखान्यात गेले. शेवटच्या दिवशी तिने त्यांच्या कानाशी विचारलं होतं, "नाना, घुबडांची?" त्यांनीच तिला शिकवलेला पहिला शब्द. नानांनी तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. जाताना त्यांनी आपल्याला ओळखलंच नाही, हे तेव्हापासून तिचं मन कुरतडतंय.

"म्हणजे तुम्हाला येत होतं?"

"न यायला काय झालं? पाचवीतली पोरं सांगतील."

"मग बोलला का नाहीत?"

"सोपं विचारायचं नाही, असं ठरलं होतं की नाही? मरता मरता मला फुकटची रेघ देतेस होय गं? राग आला मला, चारू. चांगलाच राग आला!"

चारू हसते आणि रडतेही. अनोळखी माणसावर कुणी असं रुसत नाही. तिला नाचावंसं वाटतं.

ती बाकावर बसलीय, समोर फळा आहे. नानांच्या डाव्या हातात खडू.

"आता माझी पाळी. मर्मरेशन कुणाचं?"

वाघांचं? मुंग्यांचं? ती डोकं खाजवते. फळा काळाभोर आहे, काळ्या रानासारखा, आणि त्यात हुरड्याला आलेली ज्वारी डुलतेय. नाना बांधावर उभे. ज्वारीतून दाणे टिपणाऱ्या भोरड्या उठतात, शेकडो, हजारो, आभाळभर वळतात, गुंडाळतात, पुन्हा उलगडतात. पंखांच्या सळसळीत तिला स्वतःचा श्वासही ऐकू येत नाही. नाना मुद्दाम दुसरीकडे बघत शीळ घालताहेत.

"भोरड्यांचं! नाना, भोरड्यांचं!"

"शाब्बास!"

"पण तुम्ही सोपं घातलंत! अख्खं रान समोर आणलंत!"

"मग? तू घातलेलं चालतं आणि मी घातलेलं नाही होय?"

मासिक जमिनीवर पडलंय. पंखा कुरकुरतोय. चारू अनवाणीच मधल्या खोलीकडे धावते. दिवाळीत रंगाऱ्याला तिने त्या चौकटीला हात लावू दिला नव्हता. नानांच्या बाजूला एकोणचाळीस रेघा, सगळ्या मळकट. आपल्या बाजूच्या ती बोट ठेवून मोजते. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस.

शेवटची पांढरीशुभ्र आहे, डावखुऱ्या माणसाने मारावी तशी कललेली. ती बोट उचलते, तर त्याला खडू लागलेला आहे.