संयोगिताबाईंचे पिवळे बल्ब

संयोगिता कर्णिक यांचं नाव चुकीच्या यादीत गेलं आणि तिथेच ठिणगी पडली. बंगळूरला मारतहळ्ळीमागच्या तळ्याचं पाणी खालच्या गल्ल्यांत दोन दिवस कंबरभर साचून ओसरलं होतं. मदतीला येणाऱ्यांची नावं तनय मोबाइलवर टिपत होता. पुण्याहून आलेला, आयटीतला, चाळिशीचा सज्जन माणूस. सज्जनांशी भांडणं फार जड जातं.

"काकू, साठच्या वरच्यांना फील्डवर अलाउड नाही," तो म्हणाला आणि एकाहत्तर वर्षांच्या बाईंना 'मदतीची गरज असलेले ज्येष्ठ' या यादीत टाकून मोकळा झाला. वर बिस्किटांचा पुडाही दिला.

बाईंनी पुडा पिशवीत टाकला आणि तडक गल्लीत शिरल्या. सरकारी कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं मोटारींच्या तारा गुंडाळल्या होत्या, शेवटची दहा तर सुपरवायझर म्हणून. गरज कोणाला आहे ते त्यांना बघायचंच होतं.

गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याची लॉरी उभी होती. तिच्यात दोघे जण ओलं पीठ वाटायचा मोठा ग्राइंडर चढवत होते आणि यशोदम्मा त्याची कड धरून रडत होती. त्या ग्राइंडरवर ती चाळीस घरांना इडली-डोशाचं पीठ पुरवायची. तो गेला की पुन्हा लोकांची भांडी घासायची.

"खाली ठेवा," बाई कडाडल्या.

मागून तनय धावत आला. "काकू, मोटार दोन दिवस पाण्यात होती. डेड आहे ती."

"तपासलीस?"

तो कुठला तपासायला! "रविवारी शेवटची लॉरी येईल," तो शेवटी म्हणाला. "तोवर चालली नाही तर?"

"तर मी स्वतः चढवीन."

बाईंनी मोटार उघडली आणि तिच्यावर स्वच्छ पाण्याच्या बादल्या ओतायला सुरुवात केली. बघणाऱ्यांनी कपाळाला हात लावला. पण चिखल एकदा वाळला की तारांत घट्ट बसतो, तो आधी धुवायचा आणि मगच वाळवायचं. हे कोणाला समजावत बसायला बाईंना वेळ नव्हता.

वाळवायला ऊन हवं, आणि आभाळ तर गच्च. बाईंनी शंभरचे चार बल्ब मागितले. तनयने हौसेने चार एलईडी आणले; गल्लीत वीज नव्हती, म्हणून देवळातून वायर ओढली. दिवसभर लावले तरी मोटार आपली गार! बाई घरी गेल्या आणि माळ्यावरून जुने तारेचे चार पिवळे बल्ब काढले. मुलाने, मकरंदने, ते तीनदा फेकायला सांगितले होते. यशोदम्माच्या पत्र्याच्या पेटीत मोटार ठेवली, वर बल्ब टांगले. पेटी चांगली तापली.

कारखान्यातले जुने सोबती भीमाचार्य, वय चौऱ्याहत्तर, दोन बस बदलून मेगर घेऊन आले. तारांत ओल उरली आहे का, ते हे यंत्र सांगतं. गुरुवारी काटा शून्यावर. शुक्रवारीही शून्यावरच. गल्लीतले लोक म्हातारीच्या हट्टाला हसू लागले. बाई आतून घाबरल्या होत्या. यशोदम्माला आशा लावली होती, तीच फोल ठरली तर तोंड कसं दाखवायचं?

"अक्का, होईल ना?" यशोदम्माने विचारलं.

"शून्य म्हणजे ओली. मेलेली नव्हे," बाई म्हणाल्या आणि बल्ब चालू ठेवले.

शनिवारी काटा जरासा हलला. रविवारी सकाळी लॉरीचा हॉर्न कोपऱ्यावर वाजला, तेव्हा भीमाचार्य मेगरवर वाकले होते. "दोनच्या वर! सरी, वाळली!" ते ओरडले.

बाईंनी नवा कपॅसिटर बसवला, बेअरिंगला ग्रीस भरलं, मोटार जागेवर चढवली आणि सगळ्यांना मागे सारून बटण दाबलं. ग्राइंडर गुरगुरला, अडला आणि मग दगड गरागरा फिरू लागला. यशोदम्मा बाईंच्या गळ्यात पडली. बाईंचेही डोळे भरून आले. त्यांनी ते लपवले नाहीत.

शेजारची बाई आपला मिक्सर घेऊन आली. तिच्यामागे कोणी पाण्याचा पंप आणला. तनयने लॉरीवाल्याला थांबायला सांगितलं आणि खिशातून मोबाइल काढला.

"काकू, तुमचं नाव दुसऱ्या यादीत घेतो. कामाच्या रकान्यात काय लिहू?"

"मोटार वाइंडिंग, बत्तीस वर्षं," पंपाचा पहिला स्क्रू सोडवत बाई म्हणाल्या. "आणि वय लिही. एकाहत्तर. ते गाळलंस तर नावही काढून टाक."