साठ वादक, तीन माणसांत

समस्त मानवजातीस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, साठ वादकांचा विलायती वाद्यवृंद तीन माणसांत बसवता येतो. मी बसवला आहे. राहुरीत, आमच्या पुढच्या खोलीत, एकाहत्तर साली.

धाकटी बहीण सुनंदा नगरला मिशनच्या बाईंकडे पियानो शिकली. मायदेशी परतताना बाई पियानो तिलाच देऊन गेल्या. (तो घरात घेताना दार काढावं लागलं, ते अजून नीट लागत नाही.) पुणतांब्याची मंडळी तिला पाहायला येणार होती, आणि मुलगा तिला आधीच आवडला होता.

"पोहे सगळेच देतात," मी गरजलो. "आपण कॉन्चेर्टो देऊ!"

म्हणजे एकीकडे पियानो, दुसरीकडे अख्खा वाद्यवृंद, आणि मधे प्रेमात पोळलेला कुणी जर्मन संगीतकार!

"दादा, वाद्यवृंद कुठून आणणार? हे स्थळ घालवू नकोस हं!"

"पेटीवर मी चाळीस जणांचं काम करतो. व्हायोलिनवर आबा. उरलेले सगळे हुसेनभाई!"

आबा म्हणजे आमचे वडील, आणि हुसेनभाई लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे.

पाहुणे बसले, आम्ही सुरू केलं. या प्रकारात आधी वाद्यवृंदच भरपूर वाजवून घेतो. पियानोची पाळी नंतर. सुनंदा हात मांडीवर ठेवून स्वस्थ. मुलाची आई कुजबुजली (गल्लीत ऐकू जाईल इतपत), "पोरीला येत न्हाई वाटतं. घरचेच वाजवत्यात!"

घाबरून मी लय वाढवली. आबांना ती झेपेना, म्हणून ते नुसतेच मोठ्यानं वाजवू लागले! इतक्यात हुसेनभाई उठले. जन्मात त्यांनी बसून वाजवलंच नव्हतं! वाजवत वाजवत त्यांनी पियानोला प्रदक्षिणा घातली आणि सरळ दाराबाहेर पडले. बँड निघाला म्हटल्यावर मुलाचे मामा सवयीनं उठले, मामांमागे मुलगा, मुलामागे त्याची आई, आणि शेवटी व्हायोलिनसकट आबा!

पेटी गळ्यात अडकवून मी धावलो. "हुसेनभाई, मागे फिरा! पियानो यायचाय अजून!"

"आवो, वरात कदी मागं फिरती व्हय?"

अख्ख्या गल्लीला वळसा घालून आम्ही घामाघूम परतलो. सुनंदा तशीच, पाळीची वाट बघत बसलेली. समोर मुलाचे वडील एकटेच चहा पीत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग गळ्यातल्या पेटीसकट मला न्याहाळलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"पोरगी पसंत हाय! असल्या भावासंगं ऱ्हाऊन जी शानी ऱ्हायली, ती कुठं बी नांदंल!"