मामीनं निवडलेली ओळ

मामीच्या पानमळ्यात शिरताना चप्पल बाहेर काढायची आणि आत आवाज चढवायचा नाही. नागवेल म्हणजे देवी, तिच्यापुढे तोंड सोडायचं नाही, हा मामीचा नियम. त्या पावसाळ्यात मी तो मोडला, आणि चांगला घसा ताणून मोडला.

रामटेककडचा हा मळा मामा गेल्यापासून मामी एकटीच सांभाळते. वर गवताचं छप्पर, आत दमट हिरवा अंधार. पाऊस रेंगाळला की तिथं रोग शिरतो. पानावर पाणी लागल्यासारखा डाग पडतो आणि बघता बघता ओळच्या ओळ सडते. मोरचुदाच्या निळ्या औषधानं तो आटोक्यात येतो, पण ही पानं माणसं कच्ची चावतात. "सीताबर्डीच्या टपरीवर लोकायच्या तोंडात जाते हे. इख कसं देऊ?" असं म्हणत मामीनं ती फवारणी बंद केली आणि मागच्या पावसाळ्यात अर्धा मळा गमावला. उरलेलाही गेला तर मळा मोडायचा, असं तिनं ठरवलं होतं.

मी नागपुरात पिकांच्या रोगांवर काम करते. आमच्या प्रयोगशाळेत तेव्हा टॅगाटोज नावाच्या एका दुर्मीळ साखरेची चाचणी चालू होती. दुधात, फळांत ती जेमतेम सापडते. माणसाला ती नुसती गोड लागते. रोगजंतू मात्र साखर समजून आत घेतो आणि त्याची वाढच खुंटते. ती घेऊन मी मामीकडे गेले, पण एक अट घातली. एका ओळीवर फक्त साधं पाणी मारायचं. नाहीतर रोग साखरेनं थांबला की मुळात आलाच नव्हता, हे कळणार कसं?

मामी "बरं" म्हणाली. तिचं हे 'बरं' मी लहानपणापासून ओळखते. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पावसाची झड लागली. नागपुरातल्या नंदनवन भागातल्या घरून मी रोज फोन करून विचारायची, डाग दिसला का? ती म्हणायची, नाही. मला आनंद व्हायला हवा होता, पण शंका यायची. साध्या पाण्याच्या ओळीतही नाही? शेवटी न राहवून बस पकडली. पोचले तर मामी पाठीवर पंप लावून नेमक्या त्याच ओळीत साखरेचं पाणी फवारत होती.

"मामी! हे काय करून राहिली तू?"

"काहून ओरडतं वं इथं? हिनं काय घोडं मारलं? साऱ्यायले देतं अन् हिलेच नाही?"

"कपाळ माझं! वेली वाचल्या, पण कशानं वाचल्या हे आता कोणाला कळणार? पुढच्या वर्षी कशाच्या भरवशावर मळा ठेवशील?"

मामीनं पंप उतरवला. मग हळूच म्हणाली, "म्हंजे एक मारल्याबिगर समजत नाही?"

"नाही."

राग होताच, पण हे म्हणताना माझीच मला भीती वाटली.

मामी दाराजवळच्या ओळीशी गेली. मामानं लावलेली ती शेवटची ओळ. तिचं पान ती रोज देवापुढे ठेवते. "आजपासून साध्या पाण्यावर हे सोड," ती म्हणाली. "बाकीच्यायच्या बाबतीत मी तुले फसवलं असतं. तुह्या मामाच्या ओळीपुढं खोटं नाही करवत मले."

पुढच्या झडीत फोन तिनं केला. मी गेले तेव्हा दाराजवळची ओळ काळी पडून लोंबत होती आणि तिला लागून असलेल्या वेली हिरव्यागार उभ्या होत्या. एका ओळीवरून शास्त्र सिद्ध होत नाही, पण मामीला उत्तर मिळालं होतं. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, खूप झाला, आणि मामीकडे बघितल्यावर रडूही आलं.

तिनं एक सडकं पान उचलून कपाळाला लावलं.

"बाकीच्या वाचतीन ना वं?"

"वाचतील."

"मंग आता हिलेही देऊ?"

आता काही उपयोग नव्हता. रोग आत शिरायच्या आधी साखर मारावी लागते, हे मीच तिला शिकवलं होतं. मी पंप भरला आणि तिच्या पाठीवर चढवून दिला.